तिघींची पंगत

तात्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात बरबटले होते आणि चुलीवर रिकामा तवा धूर सोडत होता. परातीत जे काही झालं होतं त्याला भाकरीचं पीठ म्हणावं की भिंतीवर कागद चिकटवायची खळ, हे मला कळेना. मी दप्तर पाठीला लावून उंबऱ्याबाहेर उभी होते. चुलीपुढं बसायचं नाही असा आईचा हुकूम होता, आणि अजून तरी मी तो इमानेइतबारे पाळत होते.

"तात्या, पाणी जास्त झालंय," मी म्हटलं.

"पाणी बरोबर हाय. पिठाचीच विरी गेलीया."

पीठ जुनं झालं की त्यातला चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना फुटते, त्याला आमच्याकडं विरी जाणं म्हणतात. हे पीठ आदल्या संध्याकाळी मीच गिरणीतनं आणलं होतं. मागच्या खोलीतनं अनसाआत्तीचा आवाज आला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

आता हा माणूस कोण होता ते सांगते, म्हणजे गंमत कळेल. माझे वडील म्हणजे आनंदा आचारी. कृष्णाकाठच्या आमच्या गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर लग्न ठरलं की मुहूर्ताआधी तात्यांची तारीख घेत. त्यांच्या वांग्याच्या भाजीसाठी लोक नावडत्या पाहुण्यांच्या लग्नालाही जात. कढईवर वाकून नुसत्या वासावर ते सांगायचे की मीठ कमी आहे. नैवेद्य दाखवायच्या आधी चव बघायची नाही, हा त्यांचा नेम.

आणि पंगतीचे तर ते राजेच. पंगत बसली की कुणी मधेच उठायचं नाही, अन्नाचा अपमान होतो. पंगतीतलं सगळ्यात वडीलधारं माणूस उठलं की मग बाकीच्यांनी उठायचं. एकदा सरपंच अर्ध्यातनं उठायला लागले तर तात्यांनी हातातला झारा त्यांच्यापुढं आडवा धरला आणि म्हणाले, "सरपंच, शेवटचं म्हातारं अजून भात कालवतंय." सरपंच गपगुमान बसले. ही गोष्ट गावात अजून सांगतात.

असा हा माणूस घरी मात्र पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं घ्यायचा नाही. पावसाळ्यात लग्नं नसत. आषाढापासून दिवाळी उलटेपर्यंत तात्या पारावर पत्ते खेळायचे, आणि घरी आले की पाटावर बसून हाक मारायचे, "मालन, वाढ." आम्हाला कुणालाच यात काही वावगं दिसलं नव्हतं. अनसाआत्ती तर म्हणायची, "पुरुषानं भट्टीपुढं बसावं, चुलीपुढं न्हाई." आत्ती तात्यांची मोठी बहीण. नवरा वारल्यापासून आमच्याकडंच असायची. तिची मनगटं सांधेदुखीनं कायम सुजलेली असत, त्यामुळं भाजी चिरणं आणि जगाला नावं ठेवणं एवढंच काम तिच्याकडं होतं. दुसरं काम ती जास्त मन लावून करायची.

त्या वर्षी आईला एसटीत कंडक्टर म्हणून बोलावणं आलं. बायकांना त्या कामावर घ्यायला नुकतीच सुरुवात झाली होती. आई लग्नाआधी दहावी झालेली, पण ते शिक्षण डब्याच्या झाकणावर तारीख टाकण्यापलीकडं कधी वापरलं गेलं नव्हतं. तिनं अर्ज कधी केला, परीक्षा कधी दिली, आम्हाला पत्ता नाही. महिनाभर सांगलीला शिकायला जायचं होतं, तिथं मावशीकडं राहायचं आणि जमलं तर रविवारी घरी यायचं. घरात आत्तीनं आकाशपाताळ एक केलं. परक्या पुरुषांच्या गर्दीतनं घंटी वाजवत फिरणार, मुक्कामाच्या गाडीला कुठं निजणार, आणि घरात भाकरी कोण थापणार? पहिल्या दोन गोष्टींवर तात्यांनी आत्तीला उत्तरं दिली. तिसऱ्यावर मात्र सगळ्यांच्या माना एकदमच माझ्याकडं वळल्या. मी सातवीत होते. स्कॉलरशिपचा जादा तास सकाळी शाळेआधी असायचा, आणि गुरुजींनी आमच्या वर्गातनं मला निवडलं होतं.

आईनं ते बघितलं. ती सहसा तात्यांच्या तोंडाला तोंड द्यायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "माझं काम माझ्या पोरीच्या गळ्यात पडणार असंल तर मला ती खाकी नको. तुमी रिकामं हाय. तुमाला रांधता येतं. उज्जा चुलीपुढं बसणार न्हाई असा शब्द देत असाल तर जाते, न्हाईतर बोलावण्याचा कागद फाडून टाकते."

तात्या हसले. पाचशे पानं उठवणाऱ्याला तीन माणसांचं काय अवघड, म्हणाले, आणि देवापुढं हात जोडून शब्द दिला.

तीन माणसांचंच अवघड होतं. पहिल्या दिवशी तात्यांनी सवयीनं विचारलं, "आज किती पानं?" मी म्हटलं, "आपण तिघंच." एवढ्या थोडक्या माणसांचं करतात कसं, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांचं मीठ ओंजळीनं, तिखट वाटीनं, डाळ पाटीनं. शेवटी त्यांनी अंघोळीच्या पाण्याचं पातेलं घासून काढलं आणि त्यात आमटी केली. आमटी अशी झाली होती की काय सांगू! पण ती सगळ्या गल्लीला वाढूनही उरली. दुसऱ्या दिवशी मसालेभात, तोही गल्लीला. लोक घरातनं वाट्या घेऊन यायचे, आनंदाची वाहवा करायचे. तात्या खूश. आत्ती म्हणाली, असंच चाललं तर मालन यायच्या आत घरातलं धान्य संपेल, मग मांड पंगत रिकाम्या पत्रावळीची.

तिसऱ्या दिवशी भात खाऊन सगळेच कंटाळले आणि भाकरीचा प्रश्न आला. आणि तेव्हा कळलं की आनंदा आचाऱ्याला भाकरी येत नाही. खरं तर कुठल्याच आचाऱ्याला येत नसे. लग्नघरी भाजी-भात-बुंदी आचारी करायचा, आणि पोळ्या-भाकरीला गावातल्या बायका बोलवायच्या. त्या एका बाजूला छपराखाली बसून ढीग लावायच्या. त्यांना कुणी तारीख विचारत नसे. ते शिकावं लागणारं काम आहे असंच कुणाला वाटायचं नाही. बाईचा हात असला की भाकरी होतेच, अशी समजूत.

सुरुवातीला सांगितली ती सकाळ तीच. मी उंबऱ्यावरनं बोलत होते, तात्या आत झुंजत होते. पहिली भाकरी परातीतनं उचलताना फाटली. दुसरी तव्यावर पडली ती घडी होऊनच. तिसरी त्यांनी चिडून गाईपुढं टाकली, तर गाईनं हुंगून तोंड फिरवलं. मग शेजारच्या बायकांनी भिंतीवरनं दोन-चार भाकऱ्या दिल्या. बाईचा जीव तो, उपाशी कसं ठेवणार. पण भाकरीबरोबर एकेक चिमटाही यायचा. पारावर तर तात्यांच्या दोस्तांना पावसाळ्यासाठी करमणूक मिळाली. एकानं म्हणे विचारलं, "आनंदा, बांगड्या कुठल्या मापाच्या आणू?" तात्या त्या दिवशी पत्त्यांचा डाव टाकून उठून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर भरत होते. तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, "उज्जे, आजच्या दिवस दोन भाकरी टाकून जाशील का गं? पटकन."

मी टाकल्या. मला यायच्या, आईजवळ बसून बघत शिकले होते. तात्यांचा उतरलेला चेहरा मला बघवत नव्हता, आणि आईचं काम टिकावं असंही वाटत होतं. मला वाटलं, आपण गुपचूप केलं तर कुणाचंच काही बिघडत नाही. पण आजच्या दिवसाचा उद्या झाला, दोनाच्या चार झाल्या, मग त्यांच्याबरोबर भाजीही आली, कारण तात्या परत पारावर जायला लागले होते. स्कॉलरशिपचा तास आधी थोडा बुडायचा, मग सगळाच बुडायला लागला. गुरुजींनी एकदा विचारलं, मी पोट दुखतं म्हणून सांगितलं. आत्ती सगळं बघत होती. बोलत काहीच नव्हती, आणि हे तिच्या स्वभावाला सोडून होतं.

पहिल्या रविवारी पुलावरनं पाणी गेलं म्हणून आईला येता आलं नाही. दुसऱ्या रविवारी आली. थकलेली, पण डोळे नुसते चमकत होते. गाडीत कसं उभं राहायचं, ब्रेक लागला की पाय कसे रोवायचे, हे तिनं आम्हाला चौकटीला धरून करून दाखवलं. तात्याही हसले. मग दुपारी तिनं मला पुढ्यात घेऊन केस विंचरायला घेतले. दोन वेळा फणी फिरली आणि थांबली. तिनं माझी वेणी नाकाशी नेली. नंतर माझा हात धरून पालथा केला, नखांत बघितलं, सोडला.

"केसाला धुराचा वास हाय," ती एवढंच म्हणाली.

मी रडायलाच लागले. सांगायची गरज नव्हती, तरी सगळं सांगून टाकलं, तासाचंही. तात्या ओसरीवर बसले होते. त्यांना ऐकू गेलं असणारच. मला वाटलं आता आई भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझी वेणी घातली, उठली, पिशवीतनं खाकी कपडे काढून ट्रंकेत तळाशी ठेवले आणि चूल पेटवली. तात्या दारात येऊन उभे राहिले.

"तुमची चूक न्हाई," आई वर न बघता म्हणाली. "मीच जास्त मागितलं. उद्या सकाळच्या गाडीनं मी जात न्हाई. उज्जे, तू उद्यापास्नं तासाला जायचं."

रात्री आम्ही जेवलो. आधी तात्या, मग मी आणि आत्ती, आणि सगळं आवरून झाल्यावर आई चुलीपाशी एकटी. घर अगदी पहिल्यासारखं झालं होतं. हेच तर आत्तीला हवं होतं, पण तिनं अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. मी तिला अन्न टाकताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

पहाटे भांड्यांच्या आवाजानं मला जाग आली. मला वाटलं आई असेल. पण आई माझ्याजवळच होती, तीही उठून बसलेली, ऐकत होती. आम्ही दोघी दारापर्यंत गेलो. तात्या अंघोळ करून, सदऱ्याच्या बाह्या दुमडून चुलीपुढं मांडी घालून बसले होते. लग्नाच्या दिवशी भट्टी पेटवायच्या आधी ते असेच अंघोळ करून बसायचे. पुढ्यात परात होती. आणि त्यांच्या शेजारी, गुडघा वर घेऊन, अनसाआत्ती.

"गरम पाणी घे. थंडगारनं काय हुतंय? हां. आता तळव्यानं मळ. बोटानं न्हवं, तळव्यानं, अंगाचा भार घाल. अजून मळ."

"मळलं की गं आक्का."

"भट्टीवर पाचशाचं करताना मनगट दुखत न्हाई, आन एका भाकरीला दमलास? मळ."

तात्या मळत राहिले. आत्ती आपल्या सुजलेल्या मनगटांकडं बघत होती. मग ती एकदम बोलायला लागली, पिठाशी बोलल्यासारखी.

"आई गेली तवा मी दुसरीत हुते. दिवस झाल्यावर बाबांनी पीठ मळायची काटवट माझ्यापुढं सरकवली. काटवट माझ्यापेक्षा मोठी. तू भुकंनं रडत हुतास. मला कुणी इचारलं न्हाई, शाळा सोडतीस का म्हणून. पाटी कोनाड्यातच ऱ्हायली."

तात्यांचे हात थांबले. "तुला शाळा आवडायची न्हाई, असं बाबा सांगायचे."

"त्यांना काय सांगायला जातंय," आत्ती म्हणाली. "काल ती पोरीसाठी आपली खाकी पेटीत घालत हुती. म्या बघत बसले. माझ्यासाठी असं कुणी केलं असतं, तर..." तिनं सांडलेलं पीठ परातीत लोटलं. "थाप आता. कोरडं पीठ टाक खाली. फिरली पायजे परातीत. घाबरू नको, फुटली तर फुटली."

पहिली फुटली. आत्तीनं ती मोडून परत मळायला लावली. दुसरी तव्यावर गेली, वरनं पाण्याचा हात फिरला, उलटली, आणि जाळापाशी उभी केल्यावर अर्धी का होईना, फुगली. तात्यांनी आमच्याकडं बघितलं. या माणसाच्या बुंदीला लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पण असा चेहरा त्यांचा मी कधी बघितला नव्हता. मला हसू आलं आणि रडूही.

"मालन, पाट मांडलेत," तात्या म्हणाले. "बसा तिघीबी."

आई म्हणाली, तुम्ही बसा आधी, मी वाढते. तात्या म्हणाले, आचारी पंगतीला बसत नसतो. आत्तीनं पहिला पाट धरला, मी शेवटचा, मधे आई अंग चोरून बसली. तात्यांनी ताटं वाढली, चुलीवरची वांग्याची भाजी, खर्डा आणि गरम भाकरी. वाफ निघत होती. आईनं घास मोडला आणि तिला आठवलं, मीठ घ्यायचं राहिलं. ती उठायला लागली. तात्यांनी मीठ आणून ठेवलं. मग तिला पाणी दिसेना, परत उठायला लागली. पाणी आलं. तिसऱ्या वेळी तव्यावर भाकरी करपतेय म्हणून ती निम्मी उभी राहिली, तर तात्यांनी हातातलं उलथनं तिच्यापुढं आडवं धरलं.

"पंगत बसलीया मालन. मधनं उठायचं नसतं."

आई बसली. तिच्या डोळ्यांतनं पाणी ताटात पडलं, ते तिनं पदरानं पुसलंही नाही. तात्या एकेक भाकरी तव्यावरनं थेट तिच्या ताटात टाकत होते. जाड होत्या, कडेला फाटलेल्या होत्या, एकीला तर मधोमध भोक होतं. आई खात होती. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आई भरभर जेवत नाही. तिला सावकाश जेवायला आवडतं.

"खाकी काढ पेटीतनं," तात्या चुलीकडं तोंड करून म्हणाले. "गाडीला येळ हाय अजून. आन उज्जी आजपास्नं तासाला जाती. आज दुपारी मी पारावर जाईन तवा भाकरी बांधून नेणार हाय. बघू दे सगळ्यांना, कुठल्या मापाच्या बांगड्या बसत्यात."

आईचं जेवण झालं. सवयीनं तिचा हात ताटं गोळा करायला पुढं आला. पण पंगतीचा नेम होता, आधी वडीलधारं माणूस उठायचं, आणि आमच्या पंगतीत वडीलधारी होती अनसाआत्ती. आत्तीचं ताट कधीच रिकामं झालं होतं. हात सुकत आला होता. रोज सगळ्यांच्या आधी उठून ओसरीवर सुपारी कातरायला जाणारी ती बाई पाटावरनं हलेना. आई तिच्याकडं बघत होती, उठू का म्हणून.

आत्तीनं आणखी ऐसपैस मांडी घातली.

"आनंदा," ती म्हणाली, "मला आजून एक वाढ. निवांत भाज. कुणाला काय घाई न्हाई."

तात्यांनी पीठ मळायला घेतलं. बाहेर उजाडायला लागलं होतं. मी शाळेला पळाले तेव्हाही त्या दोघी पाटावर बसूनच होत्या, आई भिंतीला टेकून, आणि आत्ती त्या एका भाकरीचा कणकण मोडत.